गुंड्याचा उपवास

ईश्वरप्पानं उभ्या जन्मात स्वतःचं ताट स्वतःच्या हातानं वाढून घेतलं नव्हतं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण खरं ते सांगितलेलं बरं. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यानं एकेचाळीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून काढली. टेबलावर कापडाचे थर, त्यावर पुठ्ठ्याचा नमुना, नमुन्याभोवती खडूची रेघ, आणि रेघेवरून फिरणारं पातं. शाळेची चड्डी असो की दवाखान्यातल्या आयांचा कोट, ईश्वरप्पाची रेघ सूतभर हलायची नाही. मालकसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे. आणि घरी? घरी साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे, हे या मास्तराला ठाऊक नव्हतं.

घर अक्कम्माचं. "री, या जेवायला," अशी तिची हाक आली की जायचं. कानडीतलं हे 'री' म्हणजे आपलं 'अहो'. बसायचं, जेवायचं, शेवटी ताटात पाणी घालून बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद, त्यातला कण वाया जाता कामा नये, ही त्या घराची शिस्त. ईश्वरप्पाच्या आजोबांपासून चालत आलेली. ती मात्र ईश्वरप्पानं कधी चुकवली नाही.

ती अक्कम्मा गेल्या ज्येष्ठात गेली. काविळीचं निमित्त झालं आणि अकरा दिवसांत खेळ आटोपला. दवाखान्यात शेवटचं म्हणावं असं ती एकच बोलली. पुण्याच्या लेकीबद्दल नाही, घराबद्दल नाही, दागिन्यांबद्दल तर नाहीच नाही. नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "री, गुंड्याचं बघा हं."

"आणि माझं कोण बघणार, ते सांग की आधी," ईश्वरप्पा म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला. ती हसल्यासारखी झाली आणि डोळे मिटून पडली. पुढचं काही बोलणं झालंच नाही.

गुंड्या म्हणजे कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी मंगळवार बाजारात भाजीवालीच्या पोत्याआड सापडलेलं तपकिरी पिल्लू, इतकं गोल की अक्कम्मानं तिथंच त्याचं बारसं करून टाकलं. गुंडू म्हणजे कानडीत गोल. ईश्वरप्पानं तेव्हा चांगला तमाशा केला होता. "पूजेच्या घरात कुत्रं? ह्ये न्हाय चालायचं!" आठ दिवस चाललं, मग पंधरा दिवस चाललं, मग त्याच्या ओरडण्याला कोणी विचारेनासं झालं. अस्सल गावठी जात, एक कान उभा आणि एक पडलेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हनुवटी टेकून बसायचं आणि अक्कम्माच्या पाठीकडं बघत राहायचं, एवढाच त्याचा धंदा.

अक्कम्मा गेल्यावर त्यानं सहा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. लोक भेटायला येत होते, जात होते. हा उंबऱ्याशी पडून. लेक सिद्धेश्वरी रडून रडून पुण्याला परत गेली. घरात उरले दोघं, आणि दोघंही त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघत बसलेले. सातव्या दिवशी ईश्वरप्पा उठला. शेजारची निंगव्वा कडक भाकऱ्या करून विकायची, तिच्याकडून एक भाकरी आणली, दुधात चुरली आणि गुंड्यासमोर मांडी घालून बसला.

"हे बघ," तो म्हणाला, "तिनं मला सांगितलंय तुझं बघायला. आता तू न्हाय खाल्लास तर मी तिला काय तोंड दाखवू?"

गुंड्यानं ताटली चाटून साफ केली. ईश्वरप्पानं डोळे पुसले आणि उरलेली अर्धी भाकरी स्वतः खाल्ली.

तेव्हापासून मास्तरानं मनाशी एक ठरवलं. नमुना अक्कम्माचा, कापायचं आपण. ती जे करायची ते तसंच्या तसं. सकाळी सातला कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत फेरी. साडेआठला दूधभाकरी. रविवारी आंघोळ, आणि आंघोळीनंतर जुन्या टॉवेलनं आधी पडका कान पुसायचा, कारण तो आधी पुसला नाही तर साहेब रुसतात. जे आठवायचं नाही ते निंगव्वाला विचारायचं. ती अक्कम्माची जिवाभावाची मैत्रीण, तिला या घरातलं सगळं ठाऊक. "निंगव्वा, कांदा देती होती का गं याला?" "छे अण्णा! कांदा न्हाय, चटणी न्हाय, चहा तर मुळीच न्हाय." आठ महिने हे असं चाललं. निंगव्वा गल्लीत सांगायची, अण्णा किती बदलले बघा. लोक कौतुक करायचे. ईश्वरप्पालाही बरं वाटायचं, का नाही वाटणार?

मग शिवरात्र आली. शिवरात्रीचं मात्र त्यानं निंगव्वाला काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? आठ वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं की.

त्या दिवशी घरात कडकडीत उपवास असायचा. चूल बंद. संध्याकाळी दिवेलागणीला ईश्वरप्पा पुढच्या खोलीत पूर्वेकडं तोंड करून गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला बसायचा, पाठ स्वयंपाकघराकडं. आत अक्कम्माची फळं चिरण्याची लगबग. पूजा आटोपून तो वळायचा तेव्हा तीन ताटं तयार. एक त्याचं, एक तिचं आणि काठाला पोचा आलेली ती स्टीलची ताटली गुंड्याची. "घरात चूल न्हाय, मग ह्यो तरी काय खाईल?" ती म्हणायची. "आज गुंड्याचापण उपवास." आणि तो शहाणा फळं खाऊन असा पसरायचा, जणू त्यानंच चार प्रहर पूजा केली आहे.

आणि अलीकडं दरवर्षी एका गोष्टीवरून ईश्वरप्पा कुरकुरायचा. त्याच्या ताटात द्राक्षांचा हा एवढा ढीग! करकंबचा कुंडलिक पूर्वी कारखान्यात त्याच्या हाताखाली इस्त्रीला होता. पुढं गावी जाऊन त्यानं बाग धरली, तेव्हापासून शिवरात्रीच्या आधी त्याची द्राक्षांची पेटी ठरलेली. "अगं, मी काय माणूस हाय का व्यापारी?" ईश्वरप्पा म्हणायचा. "एवढी कोण खाईल?"

"खावा की गप," अक्कम्मा पदर तोंडाला लावून हसायची. "प्रसाद हाय. टाकायचा नसतोय."

मग तो खायचा. सगळी खायचा, ताट धुऊन प्यायचा, आणि वर ढेकर देऊन म्हणायचा की यंदा द्राक्षं आंबट होती.

यंदा कुंडलिकचा फोन आला. "मास्तर, वैनी न्हाईत म्हनून पेटी चुकवायची न्हाय. पुतण्यासंगं धाडलीया." पेटी आली. हिरवीगार, लांबट, टपोरी द्राक्षं. ईश्वरप्पानं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. फळं मात्र स्वतः चिरली, आणि कशी चिरली! कलिंगडाची एक न एक बी सुईच्या टोकानं काढली. चिकू सोलले, त्यांच्या काळ्या बिया काढल्या. सफरचंदाच्या फोडी अशा एकसारख्या की कुणी मोजपट्टी लावून बघावं. केळ्याच्या चकत्या. द्राक्षं तीन पाण्यांनी धुतली. पूजा झाली आणि त्यानं तीन ताटं मांडली; एक त्याचं, एक गुंड्याचं, एक अक्कम्माच्या फोटोसमोर. तिन्ही सारखी. मास्तराच्या हातात उन्नीस-बीस कुठलं?

फोटोसमोरचं ताट थोडा वेळ तसंच ठेवलं. मग ईश्वरप्पा म्हणाला, "आता हिच्या वाटचं काय? प्रसाद हाय. गुंड्या, निम्मं तुला, निम्मं मला."

गुंड्यानं कलिंगड खाल्लं, केळं खाल्लं, चिकू तर ताटलीसकट खातो की काय असं झालं. द्राक्षांपाशी मात्र तो थांबला. हुंगलं. नाकानं बाजूला सारली. एक द्राक्ष घरंगळत फोटोच्या पाटाखाली गेलं. मग त्यानं मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि बघतच राहिला.

ईश्वरप्पानंही तिकडं बघितलं. त्याला वाटलं, हा तिची वाट बघतोय. तिच्याच हातनं खायचंय याला.

"ती न्हाय यायची रे आता," तो म्हणाला. त्यानं गुंड्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "मी देतो. आ कर. प्रसाद टाकायचा नसतोय, ठाऊक न्हाय होय तुला?" आणि एकेक द्राक्ष तळहातावर घेऊन त्यानं भरवायला सुरुवात केली. गुंड्यानं आधी तोंड फिरवलं. मग धन्याच्या तोंडाकडं बघितलं आणि घेतलं. एक घेतलं, दुसरं घेतलं, पुढं शेपूट हलवत घेत राहिला. ताटली रिकामी झाली. फोटोपुढचं निम्मंही संपलं.

ईश्वरप्पाला इतका आनंद झाला की त्यानं पुण्याला फोन लावला. "सिद्धा, सगळं तुझ्या आईवाणी झालं बघ. गुंड्यानंपण उपवास केला. फळं खाल्ली की सगळी." पलीकडं लेकीला हुंदका फुटला. "अप्पा, तुम्ही किती करता हो," ती म्हणाली. त्या रात्री इथं ईश्वरप्पा आणि गुंड्या, तिकडं पुण्यात लेक, तिघंही समाधानानं झोपले. एवढंच समाधान त्यांच्या वाट्याला होतं.

उजाडता उजाडता गुंड्यानं उलटी केली. मग आणखी एक. फरशीवर द्राक्षांची सालं. ईश्वरप्पानं पुसून काढलं, फरशी धुऊन घेतली. निंगव्वा भाकऱ्यांची टोपली घेऊन निघाली होती, ती दारात थांबली.

"काय झालं हो अण्णा? काय खाल्लंय यानं?"

"काय खाणार? उपवास होता. फळं. तुझी अक्का देती होती तीच."

तीच म्हटल्यावर निंगव्वानं पुढं काय विचारायचं? "मग उपवास बाधला असंल. वय झालं की त्याचंपण. आज निवांत पडू द्या," म्हणाली आणि बाजाराला गेली.

गुंड्या दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडला. दूधभाकरीला नाक लावलं नाही. पाणी तेवढं पीत होता. दुपारी ईश्वरप्पाला आठवलं, आपल्याला टायफॉइड झाला होता तेव्हा अक्कम्मा काळे मनुके भिजत घालायची, कुस्करून ते पाणी चमच्याचमच्यानं पाजायची. "अशक्तपणावर याच्यासारखं औषध न्हाय," तिचे शब्द. त्यानं डबे उघडून उघडून मनुके शोधले. तिच्याच पितळी वाटीत मूठभर भिजवले. चांगले मऊ झाल्यावर कुस्करले, आणि गाळायचं सोडून गरासकट भरवले, म्हणजे अंगी लागतील. गुंड्यानं ते घेतलं. नको होतं तरी घेतलं. शेपटी जमिनीवर दोनदा आपटली.

आता हे सांगताना माझाच जीव वर-खाली होतो. पण त्या माणसाच्या मायेत खोट नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या फेरीला गुंड्या उठला. लिंबापर्यंत गेलासुद्धा, अडखळत. आणि तिथं नुसता उभा राहिला. नऊ वर्षांत त्या लिंबाशी त्याचं रोजचं काम कधी चुकलं नव्हतं. आज तो वास घेऊन तसाच उभा, आणि मग खालीच बसला. तेव्हा मात्र ईश्वरप्पाचं धाबं दणाणलं. दाराआडच्या खिळ्याला पिवळी पिशवी लटकत असायची. तीत गुंड्याची फाईल, इंजेक्शनांचे कागद. दवाखान्याचं सगळं अक्कम्माच करायची. त्यानं ती पिशवी न उघडता काखेत मारली, कुत्र्याला उचललं आणि रिक्षात बसला.

डॉक्टर बिराजदार जनावरांचे डॉक्टर. मऊ बोलणारा, चाळिशीचा माणूस. पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, रक्त काढून घेतलं.

"लघवी कधी केली, काका?"

"काल सकाळपासनं न्हाय बघितली."

"खाल्लं काय होतं?"

"वाईट काही न्हाय डॉक्टर," ईश्वरप्पा जरा ताठ होऊन म्हणाला. "नुसती फळं. उपवास होता त्याचा, शिवरात्रीचा."

डॉक्टर किंचित हसले. "कुठली फळं?"

"कलिंगड. बिया काढून, हां."

"चालतं."

"केळं."

"थोडं चालतं."

"चिकू, बी न्हाय, साल न्हाय. सफरचंदाच्या दोन फोडी, त्याचीबी बी काढली."

"छान. निगुतीनं केलंत. आणि?"

"आणि द्राक्षं. करकंबची, एक नंबर माल."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती?"

ईश्वरप्पानं दोन्ही हातांची ओंजळ केली. डॉक्टर त्या ओंजळीकडं बघत होते, तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं, "अन् काल मनुके कुस्करून दिले. ताकद यावी म्हणून."

डॉक्टरांनी पिवळ्या पिशवीतून फाईल काढली. पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. चार वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर त्यांचंच होतं. ते त्यांनी हळू आवाजात वाचलं. "सांडलेले बेदाणे खाल्ले. लगेच आणला, उलटी करवली. द्राक्षं, बेदाणे, मनुके कधीही देऊ नयेत." मग त्यांनी फाईल ईश्वरप्पाकडं वळवली. "आणि हे खाली कानडीत कोणी लिहिलंय? मला वाचता येत नाही. काय आहे?"

निळ्या शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं. अक्कम्माची शाळा मैंदर्गीला कानडीत झालेली. घरातल्या डब्यांवरसुद्धा तिची हीच अक्षरं. ईश्वरप्पाला ती डोळे झाकून ओळखू आली असती.

"द्राक्षी ब्याड," त्यानं वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे..." त्यानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हणजे, द्राक्षं नकोत."

डॉक्टरांनी त्याला बसवलं. पाणी दिलं. मग समजावून सांगितलं. माणसाला द्राक्षं काही करत नाहीत, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ती सोसत नाहीत. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही आणि एखाद्याला मूठभरसुद्धा पुरे होतात. दोन तासांत आणला असता तर पोट रिकामं करून घेता आलं असतं, त्या वेळी बाईंनी आणला होता तसा. आता रक्तात विष साठलंय.

"वाचंल का?"

"सलाईन लावतो. लघवी झाली तर आशा आहे. सगळं त्याच्यावर."

एवढ्यावर येऊन ठेपलं होतं बघा. एका मुक्या जनावराच्या लघवीवर. ईश्वरप्पानं घरून खाकी कापडाचा जुना तुकडा आणून गुंड्याच्या अंगाखाली अंथरला आणि शेजारी स्टूल घेऊन बसला. थोड्या थोड्या वेळानं हात खाली घालून कापड चाचपायचा. कोरडं. पुन्हा चाचपायचा. कोरडंच. पिल्लू असताना यानं पुढच्या खोलीत घाण केली म्हणून आपण घर डोक्यावर घेतलं होतं, ते त्याला आठवलं. आता तोच हात जोडून म्हणत होता, "कर रे माझ्या राजा. इथंच कर. माझ्या मांडीवर कर."

आणि बसल्या बसल्या दुसरंही एक आठवलं. नीट आठवलं, आवाजासकट. चार वर्षांपूर्वीची दुपार. टीव्हीवर मॅच चालू. अक्कम्मा उन्हातून आली, कुत्र्याला खाली ठेवलं, घाम पुसत म्हणाली, "री, वाचला बघा आज. डॉक्टर म्हणाले, द्राक्षं त्याला विषासारखी. बेदाणापण द्यायचा न्हाय. ऐकायलात का?"

"हूं," आपण म्हणालो होतो.

"काय सांगितलं मी?"

"हूं. ऐकलं की."

शेवटच्या षटकात सोळा रन हवे होते. ते झाले की नाही, हे काही केल्या आता आठवत नव्हतं.

संध्याकाळी सिद्धेश्वरीचा फोन आला. निंगव्वानं तिला कळवलं होतं. "अप्पा, द्राक्षं देऊ नयेत हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का हो?" तिचा सूर दोषाचा नव्हता, उलट बापाला त्यातून सोडवायचाच होता. नाही म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. कोण विचारायला येणार होतं?

"सांगितलं होतं," ईश्वरप्पा म्हणाला. "तुझ्या आईनं सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाय."

दोन दिवस सलाईन चाललं. कापड भिजलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गुंड्यानं डोळे उघडले, पडका कान जरासा हलला. ईश्वरप्पा वाकून म्हणाला, "बारो गुंड्या, बारो, घरी जाऊ." अक्कम्मा त्याला असंच बोलवायची, ये रे म्हणून. गुंड्यानं त्याच्या हाताला नाक लावलं. नाक गरम आणि कोरडं होतं. मग त्यानं लांब श्वास सोडला, आणि दुसरा घेतलाच नाही. ईश्वरप्पा मात्र तसाच वाकून, बारो, बारो म्हणत राहिला. शेवटी डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

निंगव्वाच्या भावाचा होटगीच्या वाटेवर एक मोकळा प्लॉट होता, तिथं खड्डा खणला. ईश्वरप्पानं अक्कम्माची एक इरकल साडी आणली होती. तीत गुंडाळायला कापून घ्यायची होती म्हणून तो कात्री घेऊन बसला. एकेचाळीस वर्षांचा हात, पण कात्री सरळ चालेना. वाकडीतिकडी, दातेरी कापली गेली साडी. त्यानं गुंड्याच्या कपाळाला विभूती लावली, पडका कान नीट केला आणि माती लोटली.

घरी आल्यावर निंगव्वानं चहा करून दिला. तो समोर थंड होत राहिला. कोपऱ्यात कुंडलिकची पेटी तशीच होती. पूजेपुढं ठेवलेला शेवटचा घड वर, थोडा सुकलेला. निंगव्वाचं लक्ष तिकडं गेलं.

"अण्णा, ही पेटी मी घेऊन जाते. तुमच्या डोळ्यांसमोर नको."

"पेटी ने. वरचा तो घड ठेव. प्रसादाचा हाय."

ती उठली, पेटी काखेत घेतली. ईश्वरप्पानं खाली बघतच विचारलं, "निंगव्वा, एक सांग. ती गुंड्याला द्राक्षं द्यायची न्हाय, तर दरवर्षी त्याच्या वाटची कुठं टाकायची?"

"टाकंल होय अक्का? प्रसाद की तो." निंगव्वाला बोलावं की नको असं झालं. मग बोललीच. "तुमच्या ताटात घालायची की. तुमी ओरडायचात न्हाय का, एवढी कशाला म्हणून? मी तिला एकदा म्हटलं, अगं, अण्णास्नी सांग की, कुत्र्याला चालत न्हाईत म्हणून, म्हणजे उगं ओरडणार न्हाईत. तर हसायला लागली. म्हणाली, 'सांगितलं एकदा, ऐकलं न्हाईत. दरसाल कशाला सांगत बसू? मी हाय की काढायला.'"

निंगव्वा गेली. बाहेर गल्लीत दिवे लागले. ईश्वरप्पानं आपलं ताट घेतलं, तो सुकलेला घड धुऊन त्यात ठेवला आणि नेहमीच्या जागी बसला. फक्त आज तोंड स्वयंपाकघराकडं करून बसला. उंबरा रिकामा होता. त्यानं एक द्राक्ष तोंडात टाकलं. गोड होतं. दरवर्षी गोडच असायची, हाच उगाच आंबट म्हणायचा. तो रडत रडत खात राहिला, एकेक, शेवटचं द्राक्ष संपेपर्यंत.

मग ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं, पाणी पिऊन टाकलं. आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाला, "अक्कम्मा, बोल की. ऐकायलोय मी."

बराच वेळ तो तसाच कान देऊन बसला. मग उठला, पोचा आलेली ती ताटली स्वच्छ घासली आणि पालथी घातली.